चुलीचा धूर मोजायचा कसा आणि आकड्यांचं करायचं काय

कर्क स्मिथ या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८१ साली गुजरातमधल्या चार खेड्यांत चुलीपुढे बसलेल्या बायकांच्या अंगावर छोटे पंप आणि गाळणकागद बांधले आणि त्यांच्या श्वासात किती कण जातात ते मोजलं. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात स्वयंपाकाच्या वेळेतली सरासरी घनमीटरमागे जवळजवळ ७ मिलिग्रॅम, म्हणजे ७,००० मायक्रोग्रॅम निघाली. यात हवेत तरंगणारे सगळेच कण धरलेले होते, त्यामुळे आजच्या पीएम २.५ च्या, म्हणजे २.५ मायक्रॉनहून बारीक कणांच्या, आकड्याशी याची थेट तुलना करता येत नाही. तरीही तोपर्यंत ज्याला कुणी प्रदूषण म्हणत नव्हतं, त्या धुराचं हे मोजमाप होतं. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असताना आणि २०२० साली निधन होईपर्यंत स्मिथ यांनी एकच मुद्दा लावून धरला: धूर कुठून किती निघाला एवढं पुरेसं नाही, तो कुणाच्या छातीत किती गेला ते मोजा. गावाबाहेरच्या उंच धुराड्यातून निघालेल्या किलोभर धुरापेक्षा बंद स्वयंपाकघरातल्या चुलीचा किलोभर धूर माणसांच्या फुप्फुसांत कितीतरी जास्त जातो.

हेच मोजमाप आज काही हजार रुपयांच्या साहित्यात गावपातळीवर करता येतं. महाविद्यालयाचा विज्ञान विभाग, बचतगट, आशाताई, एखादी संस्था, कुणीही ते करू शकतं. मात्र स्वस्त यंत्रं फसवतातही लवकर. म्हणून खालच्या पद्धतीत यंत्र जोडण्यापेक्षा ते कुठे टांगायचं, किती वेळ ठेवायचं आणि त्याच्या आकड्यावर कितपत विश्वास ठेवायचा याला जास्त जागा दिली आहे.

साहित्य

कण मोजायला प्लँटॉवर पीएमएस ५००३ किंवा नोव्हा एसडीएस ०११ यापैकी एक सेन्सर चालतो. दोन्ही लेझरचा झोत कणांवर पाडतात आणि विखुरलेल्या प्रकाशावरून वजनाचा अंदाज बांधतात. दोन्हींना ५ व्होल्ट वीज लागते. सोबत ईएसपी ३२ सारखा छोटा बोर्ड, एसडी कार्ड, तापमान-आर्द्रतेचा सेन्सर आणि डीएस ३२३१ हे घड्याळ घ्या. घड्याळाची काटकसर करू नका. ते नसेल तर वीज जाऊन आली की वेळ शून्यापासून सुरू होते, आणि दुपारी चारला दिसणारी उसळी चहाची की रात्रीच्या भाकरीची हे मागाहून कळायला काहीच मार्ग राहत नाही.

घरच्या प्लगवर विसंबू नका, पॉवर बँक लावा. सेन्सर आणि बोर्ड मिळून साधारण २५० मिलिअँपिअर घेतात. त्या हिशेबाने १०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक जेमतेम २४ तास टिकते, म्हणून २०,००० ची घ्या. बऱ्याच पॉवर बँका थोडा वेळ कमी वीज ओढली गेली की आपोआप बंद पडतात. त्यामुळे बॅटरी वाचवायला सेन्सर झोपवण्याचा प्रोग्रॅम लिहिला तर अर्ध्या रात्री नोंद थांबते. सेन्सर सलग चालू ठेवून दर मिनिटाची सरासरी नोंदवा.

डबा साधा प्लॅस्टिकचा चालेल. हवा आत घ्यायचं आणि बाहेर टाकायचं भोक एकमेकांपासून दूर, शक्यतो वेगवेगळ्या बाजूंना ठेवा, नाहीतर सेन्सर स्वतःचीच सोडलेली हवा पुन्हा ओढत राहतो. भोकं खालच्या बाजूला असावीत, म्हणजे वरून पडणारी काजळी आत जाणार नाही. मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा लावा, कारण डब्यातल्या उबेला झुरळं आणि मुंग्या हमखास येतात.

चुलीसाठी वेगळा तापमान-नोंदक हवा. छोट्या बटणासारखा आयबटण किंवा डीएस १८बी२० ही तारेची कांडी यातलं काहीही चालतं. आयबटणाच्या नेहमीच्या प्रकाराची मर्यादा ८५ अंश सेल्सिअस आहे आणि कांडीची १२५. त्यामुळे तो चुलीच्या तोंडाशी न ठेवता मागच्या किंवा बाजूच्या भिंतीला, जिथे हात दोन-तीन सेकंद टेकवता येतो अशा जागी ओल्या मातीने लिंपून टाका. दर दहा मिनिटांनी एक नोंद पुरते. तसाच दुसरा नोंदक खोलीत टांगा, म्हणजे उन्हाने तापलेला पत्रा आणि पेटलेली चूल यांत गल्लत होत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचं यंत्र जमलं तर जरूर घ्या. ते विद्युत-रासायनिक प्रकारचं हवं. बाजारात सहज मिळणारा एमक्यू-७ दारूच्या वाफेला, आर्द्रतेला, फोडणीच्या धुराला, सगळ्यालाच प्रतिसाद देतो, त्यामुळे त्याच्या आकड्यावरून आरोग्याबद्दल काही बोलू नये.

आधी यंत्रांची आपापसांत परीक्षा

सगळे डबे एकाच स्वयंपाकघरात, एकाच उंचीवर, शेजारी-शेजारी २४ तास टांगा. दर मिनिटाच्या नोंदी एकमेकींवर मांडा. बाकीच्यांच्या सरासरीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक वेगळा बोलणारा डबा बाजूला काढा. राहिलेल्यांपैकी एक राखीव ठेवा आणि तो घरोघरी पाठवू नका. कामाच्या शेवटी पुन्हा सगळ्यांना त्याच्याशेजारी टांगायचं आहे. दोन-चार स्वयंपाकघरं फिरून आलेल्या सेन्सरच्या भिंगावर तेल आणि काजळीचा थर बसतो, आणि तो हळूहळू बदलत गेला हे राखीव डब्याशिवाय कळत नाही.

दुसरी परीक्षा खऱ्या वजनाशी. या सेन्सरांची कारखान्यातली जुळणी लाकडाच्या धुरावर केलेली नसते. लाकडाच्या धुराचे कण बारीक असतात, प्रकाश वेगळ्या पद्धतीने विखुरतात, आणि स्वस्त सेन्सर बहुधा प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतात. म्हणून निदान काही घरांत सेन्सरच्या शेजारी गाळणकागदाचा पंप चालवावा लागतो. पर्यावरणशास्त्राचा किंवा सार्वजनिक आरोग्याचा विभाग असलेल्या महाविद्यालयाची मदत इथे घ्या. कागद तोलायला मायक्रोग्रॅम दाखवणारा तराजू लागतो, आणि तोलण्याआधी कागद ठरावीक तापमान-आर्द्रतेच्या खोलीत दिवसभर ठेवावा लागतो, नाहीतर धुराऐवजी हवेतल्या ओलीचं वजन भरतं.

हिशेब सोपा आहे. पंप मिनिटाला १.५ लिटर हवा ओढत २४ तास चालला, तर १.५ × १,४४० = २,१६० लिटर, म्हणजे २.१६ घनमीटर हवा कागदातून गेली. कागदाचं वजन ६४८ मायक्रोग्रॅमने वाढलं असेल तर ६४८ ÷ २.१६ = ३०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. त्याच २४ तासांत सेन्सरची सरासरी ४८० असेल तर सेन्सरच्या आकड्यांना लावायचा गुणक ३०० ÷ ४८० = ०.६२५. हा गुणक तुमच्या गावातल्या सरपणापुरता खरा. पऱ्हाट्या जाळणाऱ्या गावाचा गुणक गोवऱ्या जाळणाऱ्या गावाला लावू नका, आणि परदेशातल्या वणव्यांवरून काढलेली सूत्रं तर अजिबात नकोत. दर दहा कागदांमागे एक कागद घरी न्यायचा, उघडायचा, पंप न लावता परत आणायचा आणि तोलायचा. त्याचं वजन वाढलं तर ने-आण करताना मळ लागतोय असं समजा. पंपाचा वेगही सुरुवातीला आणि शेवटी मोजा. दोन्हींत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर तो कागद हिशेबातून बाद.

डबा कुठे टांगायचा

बर्कलीच्या गटाने रूढ केलेली जागा अशी: चुलीच्या जाळाच्या कडेपासून १०० सेंटिमीटर दूर, जमिनीपासून १४५ सेंटिमीटर उंच, आणि उघडणाऱ्या दार-खिडकीपासून जमेल तितकं दूर, निदान १५० सेंटिमीटर. १४५ ही उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या नाकाची उंची. आपल्याकडच्या जमिनीवरच्या चुलीपुढे बाई पाटावर बसते. तिथे तिचं नाक ७०-८० सेंटिमीटरवर असतं, तर धुराचा दाट थर छपराखाली. एकाच खोलीत या दोन उंचींचे आकडे खूप वेगळे येतात. शक्य असेल तर दोन डबे लावा, एक १४५ वर आणि एक बसल्या नाकाच्या उंचीवर. एकच असेल तर बसल्या उंचीचा निवडा आणि अहवालात उंची स्पष्ट लिहा. फक्त १४५ वरचा आकडा दिला तर दुसऱ्या अभ्यासांशी तुलना जमते, पण तुमच्या गावातल्या बाईचा श्वास हाती लागत नाही.

खिळा कुठे ठोकला ते खडूने खूण करून ठेवा आणि त्याचा फोटो काढा. पुढच्या वेळी डबा हातभर जरी सरकला तरी आकडा बदलतो, आणि तो बदल नव्या चुलीच्या नावावर जमा होतो.

आणखी एक डबा अंगणात, घराच्या चुलीपासून दूर, पावसाला आडोसा असलेल्या जागी टांगा. हिवाळ्याच्या पहाटे सगळ्या गावाच्या बंबांचा धूर खाली बसलेला असतो. अंगणातच १२० असेल तर स्वयंपाकघरातल्या १८० मधले १२० बाहेरून आलेले आहेत. धुराडं बसवूनही आकडा फारसा उतरत नाही अशा गावांत उत्तर बहुधा इथेच असतं: प्रत्येक घराने आपला धूर गल्लीत सोडलेला असतो.

घरात गेल्यावर

मोजणीचा हेतू, डबा किती वेळ राहील, तो आवाज किंवा चित्र टिपत नाही, आणि कधीही काढायला सांगता येईल, हे घरातल्या बाईला सांगून तिची संमती घ्या. नवऱ्याची परवानगी ही तिची संमती नव्हे. महाविद्यालयाचं काम असेल तर संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी आधीच हवी.

किमान २४ तास मोजा, ४८ तास मिळाले तर उत्तम. पहिल्या दिवशी यंत्र बघून खिडकी उघडी ठेवली जाते, पाहुणे आहेत म्हणून चहा जास्त होतो. दुसरा दिवस नेहमीच्या जवळ जातो. सण, लग्नघर, उपवासाचा दिवस आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा किंवा तशी नोंद करा.

आता प्रश्न. «स्वयंपाक कशावर करता?» असं विचारलं की उत्तर येतं «गॅसवर», आणि ते खरंही असतं. पण चुलीला लावलेला तापमान-नोंदक पहाटे साडेपाचला ६० अंशांवर गेलेला दिसतो. कारण अंघोळीचं पाणी म्हणजे स्वयंपाक नव्हे. तेव्हा असं विचारा: «ताई, सकाळी उठल्यावर सगळ्यात आधी चुलीवर काय ठेवता?» मग एकेक करून: अंघोळीचं पाणी कशावर तापतं, दूध कशावर, भाकरी गॅसवर की चुलीवर, जनावरांचं आंबोण शिजवता का, कुरडयांचा चीक नि पापडाचं वाळवण उन्हाळ्यात कशावर होतं, बाळंतिणीला शेक-शेगडी असते का, पाहुणे आले तर काय पेटतं. वडीलधाऱ्या बाईंना काकू-मावशी म्हणून, बसून, निवांत विचारायचे प्रश्न आहेत हे. दारात उभं राहून भरायचा तक्ता नव्हे.

सोबत गॅसच्या पुस्तकावरच्या नोंदी बघा. पाच माणसांचा सगळा स्वयंपाक गॅसवर होत असेल तर १४.२ किलोची टाकी साधारण महिना-सव्वा महिना पुरते. वर्षाला तीन-चार टाक्या घेतल्या असतील तर बाकीचं चुलीवर शिजतंय.

घरातल्या प्रत्येकाची २४ तासांची ढोबळ दिनचर्याही लिहून घ्या: पेटत्या चुलीजवळ किती तास, घरात इतर वेळ किती, बाहेर किती. लहान मूल मांडीवर असतं की शेजारच्या खोलीत, हे वेगळं विचारा. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल आणि विडी-सिगारेटची वेळ नोंदवा. एका कॉइलमधून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. रात्रभर जळणाऱ्या कॉइलचा आकडा चुलीच्या माथी मारला जाऊ नये.

काय बिघडतं आणि का

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे सेन्सरची कमाल मर्यादा. दोन्ही सेन्सर १,००० मायक्रोग्रॅमच्या आसपास थांबतात, आणि प्लँटॉवरची भरवशाची मर्यादा तर ५०० पर्यंतच सांगितलेली आहे. ओल्या लाकडावर भाकरी होत असताना प्रत्यक्ष आकडा कित्येक हजारांवर जातो. आलेखात डोंगराऐवजी सपाट पठार दिसलं की समजा, यंत्राची धाव संपली. चूल पेटलेली असतानाच्या मिनिटांपैकी पाच टक्क्यांहून जास्त मिनिटं या पठारावर असतील तर त्या घराची सरासरी छापू नका. «१,००० पेक्षा जास्त, इतकी मिनिटं» एवढंच लिहा आणि सरासरीसाठी गाळणकागदावर जा. नाहीतर सगळ्यात वाईट घरातच सुधारणा सगळ्यात कमी दिसते, कारण ‘आधीचा’ आकडा यंत्रानेच कापलेला असतो.

आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर गेली की कण पाणी पिऊन फुगतात आणि आकडा वाढतो. उकळत्या भांड्याची वाफ थेट डब्यावर येत असेल तर तेच. पावसाळ्यातल्या नोंदी आर्द्रतेच्या रकान्यासोबतच वाचायच्या. मिरची-लसणाच्या फोडणीने गॅसवरही मोठी उसळी येते. तो यंत्राचा दोष नव्हे, तेलाचा धूर खराच असतो, पण तो सरपणाचा नव्हे. चुलीचं तापमान आणि कणांचा आलेख एकाखाली एक ठेवले की हे सगळं वेगवेगळं होतं.

सरासरीचा हिशेब

समजा, एका घरात चूल दिवसाला ३ तास पेटते आणि त्या वेळची, गुणक लावून आलेली सरासरी १,५०० आहे. उरलेले २१ तास खोलीत ६० आहे. मग २४ तासांची सरासरी (३ × १,५०० + २१ × ६०) ÷ २४ = २४०. भारताचं २००९ चं मानक २४ तासांसाठी ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस १५.

पण हा खोलीचा आकडा झाला. बाई दिवसभर खोलीत नसते. ३ तास चुलीपुढे १,५०० मध्ये, ११ तास घरात ६० मध्ये, १० तास शेतात-अंगणात ४० मध्ये: (४,५०० + ६६० + ४००) ÷ २४ = सुमारे २३२. तिचा नवरा चुलीजवळ अर्धा तासच असेल, १३ तास घरात आणि साडेदहा तास बाहेर: (७५० + ७८० + ४२०) ÷ २४ = सुमारे ८१. एकाच छपराखाली राहणाऱ्या दोघांत जवळजवळ तिपटीचा फरक. हा हिशेब प्रत्येक माणसाचा वेगळा मांडून दाखवा, कारण घरात खर्चाचा निर्णय बहुधा ८१ वाला घेतो.

आता सगळा स्वयंपाक गॅसवर नेला आणि फक्त अंघोळीच्या पाण्यासाठी तासभर चूल ठेवली, ती त्याच खोलीत. उरलेले २३ तास ४० धरले तर (१,५०० + ९२०) ÷ २४ = सुमारे १०१. गॅस आला तरी त्या खोलीची हवा अजून मानकाच्या वर आहे. एकटा तो एक तास २४ तासांच्या सरासरीत ६२ ची भर घालतो.

आरोग्याबद्दल काय म्हणता येईल

आधी निम्म्याचा भ्रम. धूर निम्मा झाला की आजारही निम्मे होतील असं वाटतं. कणांचं प्रमाण आणि आजाराचा धोका यांचं नातं सरळ रेषेचं नाही. खालच्या पातळीला रेषा चढी असते आणि वर जाऊन ती पसरट होते. म्हणून ६०० चे ३०० झाले तर धोका थोडाच उतरतो, आणि १०० चे ३० झाले तर त्यापेक्षा जास्त. स्मिथ यांच्याच ग्वाटेमालातल्या प्रयोगात हे दिसलं. डोंगराळ भागातल्या ५३४ घरांपैकी निम्म्यांना धुराडं असलेली चूल देण्यात आली. कार्बन मोनॉक्साइडवरून मोजलेला मुलांच्या वाट्याचा धूर साधारण निम्म्यावर आला. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निकालानुसार डॉक्टरांनी निदान केलेल्या एकूण न्यूमोनियात ठामपणे सांगता येईल अशी घट आढळली नाही. तीव्र न्यूमोनिया मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी झाला, आणि ज्या मुलांच्या वाट्याला धूर जितका कमी तितका आजार कमी, असं चित्र निघालं.

नंतर भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा इथल्या सुमारे ३,२०० गरोदर बायकांच्या प्रयोगात थेट एलपीजी देण्यात आला. भारतातलं काम तमिळनाडूत झालं. गॅस मिळालेल्या बायकांच्या वाट्याचे कण २४ च्या आसपास होते आणि चुलीवरच राहिलेल्यांचे ७० च्या आसपास, तरी २०२२ च्या निकालात बाळांच्या जन्मवजनात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. तेव्हा गॅस घेतला की बाळ वजनदार होईल असं आश्वासन गावात कुणी देऊ नये. दीर्घकालीन श्वसनरोग, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग, बायकांमधला मोतीबिंदू यांच्याशी चुलीच्या धुराचा संबंध दाखवणारा पुरावा भक्कम आहे, पण ते आजार वर्षानुवर्षांच्या धुराने होतात. वर्षभराच्या प्रकल्पात ते कमी झालेले दिसणार नाहीत. न धुम्रपान करणाऱ्यांतल्या दीर्घकालीन श्वसनरोगाचा आढावा पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये घेतला. ग्रामीण दवाखान्यात खोकणाऱ्या बाईला «विडी ओढता का?» एवढंच विचारून थांबू नये, «चुलीपुढे किती वर्षं?» हेही विचारावं, ते यासाठीच.

गावपातळीवर दोन गोष्टी नोंदता येतात. एक, वर्षातून निदान तीन महिने रोज कफासह खोकला, असा सलग दोन वर्षं आहे का. असल्यास फुंकर-चाचणीसाठी, म्हणजे स्पायरोमेट्रीसाठी, पाठवा. दुसरी, मुलांचा श्वास. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजा: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते ११ महिन्यांच्या बाळाला ५० किंवा जास्त, १ ते ५ वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त म्हणजे जलद श्वास. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा जलद श्वास असलेलं बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर सर्वेक्षण बाजूला ठेवून त्याला लगेच दवाखान्यात पोचवा.

लाकडी कोळशाच्या शेगडीबाबत वेगळी खबरदारी हवी. तिचा धूर दिसत नाही, कणांचा सेन्सरही फारसा उसळत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. जागतिक आरोग्य संघटनेची तासाभराच्या सरासरीची मर्यादा ३५ मिलिग्रॅम प्रति घनमीटर, म्हणजे साधारण ३० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ३० भाग) आहे. बाळंतिणीच्या बंद खोलीत शेगडी असेल आणि यंत्र त्याच्या वर गेलं, किंवा कुणाचं डोकं दुखून गरगरत असेल, तर माणसांना आधी बाहेर काढा आणि दार-खिडक्या उघडा.

मग बदल कोणते

परिणामाच्या क्रमाने बघायचं तर अंघोळीचं पाणी चुलीवरून उतरवणं वरच्या जागी येतं, आणि ते क्वचितच कुणी सुचवतं. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला जेमतेम अर्धं युनिट वीज लागते, म्हणजे पाच माणसांना दिवसाला सुमारे अडीच युनिट. हीटर-रॉड वापरत असाल तर अर्थिंग असलेला प्लग, प्लॅस्टिकची बादली, आणि बटण बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात हात नाही. वीज परवडत नसेल तर बंब तरी घराबाहेर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला, शेजाऱ्याच्या खिडकीपासून दूर न्या.

सरपण कोरडं असणं हा फुकटचा उपाय. ओलावा बघायला चार-पाच काटक्यांचे तुकडे करून १०० ग्रॅम तोला, शाळेच्या प्रयोगशाळेतल्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ८२ ग्रॅम उरले तर ओलावा १८ टक्के. २० च्या खाली असेल तर चांगलं. नुकत्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकतं, आणि ते पाणी उडवण्यातच जाळ थंड पडून धूर होतो. फाटे मनगटापेक्षा जाड नकोत, आणि पावसाळ्याचं सरपण वैशाखातच माळ्यावर किंवा वळचणीला, जमिनीपासून वीतभर उंच रचलेलं असावं.

धुराडं बसवायचं तर पाइप चार इंची, शक्यतो सरळ, छपराच्या सगळ्यात उंच भागाच्या वर निदान दोन फूट न्या. आडवा पाइप काजळीने लवकर तुंबतो. महिन्यातून एकदा आतून काजळी काढावी लागते. ती काढली नाही तर धूर चुलीच्या तोंडातून परत येतो आणि घरातल्या बाया कंटाळून पाइपचं भोक बुजवून टाकतात. भांडं भोकावर नीट बसत नसेल, किंवा बाजूच्या वैलावर भांडं न ठेवता तो उघडाच राहत असेल, तरी धूर खोलीतच पसरतो.

बदलानंतरची मोजणी त्याच ऋतूत, त्याच खिळ्यावर, तेवढ्याच तासांची करा, आणि काहीही न बदललेली थोडी घरंही सोबत मोजा. एकाच घरातला आकडा दिवसागणिक इतका हलतो की पाच-सहा घरांवरून निष्कर्ष निघत नाही. आधी-नंतर अशी २५-३० घरं असू द्या. निकाल प्रत्येक घराला त्याचा स्वतःचा, कागदावर, तासागणिक आलेखासह द्या आणि समोर बसून समजवा. ग्रामसभेत फक्त गावाची सरासरी मांडा, घरांची नावं नकोत. मूळ नोंदी गुणक न लावता जशाच्या तशा जपून ठेवा. पुढच्या वर्षी गाळणकागदाचा नवा गुणक निघाला तर जुने सगळे आकडे त्यावरून पुन्हा काढता येतात.